घरून फ्रीलान्स काम हाताबाहेर जाऊ नये म्हणून: सांगलीकरांसाठी क्रमवार मार्गदर्शन

फ्रीलान्सिंग सुरू करताना बहुतेक जण आधी टेबल-खुर्ची घेतात, मग वेळापत्रक करतात, मग मिळेल ते काम घेतात आणि दर, अटी, पैसे यांचं नंतर बघू म्हणतात. चार महिन्यांनी रात्री एक वाजता कुणाचं तरी ‘छोटंसं करेक्शन’ चाललेलं असतं, दोन बिलं अडकलेली असतात आणि घरातले म्हणत असतात, दिवसभर घरीच तर असतोस. मग वेळापत्रक आणखी कडक करायचं. त्याने काही होत नाही, कारण काम हाताबाहेर जातं ते होकार देताना; वेळापत्रकाची पाळी त्यानंतर येते. खालचे टप्पे म्हणूनच याच क्रमाने करावेत. भाषांतर, डिझाइन, कोडिंग, अकाउंट्स, व्हिडिओ एडिटिंग, काम कुठलंही असो.

टप्पा १: आपल्या हातात तास किती, ते मोजा

एक पूर्ण आठवडा वहीत नोंद ठेवा. कधी बसलो, कधी उठलो, कशासाठी बसलो, एवढंच. यासाठी अ‍ॅप नको. अ‍ॅप उघडायला फोन हातात घेतला की आधी व्हॉट्सअ‍ॅपच उघडतं.

आठवडा संपला की नोंदी दोन रंगांत खुणावा. एक रंग पैसे मिळणाऱ्या तासांचा, दुसरा न मिळणाऱ्यांचा: मेल, कोटेशन, फोन, बिलं, हरवलेली फाइल शोधणं. आठ तास बसणाऱ्याचे पैसे मिळणारे तास पाचाच्या वर क्वचितच जातात. म्हणजे पाच दिवसांचे २५. त्यातले पाच तास दुरुस्त्यांसाठी आणि अचानक उपटणाऱ्या गोष्टींसाठी बाजूला काढा. उरले २०. ही तुमची आठवड्याची क्षमता.

आता दर. समजा महिन्याला घरात ४०,००० रुपये लागतात. कर, आरोग्य विमा, नेट, लॅपटॉपची झीज, रिकामा जाणारा एखादा आठवडा हे धरून ५२,००० यायला हवेत. महिन्याचे तास ८०. तासाला ६५० रुपये झाले. ग्राहकाला तुम्ही पानावर, मिनिटावर किंवा प्रकल्पावर दर सांगाल, पण हा आकडा आपल्यापाशी पाठ असला पाहिजे.

तपासा: मागच्या तीन कामांची रक्कम त्यांना प्रत्यक्ष लागलेल्या तासांनी भागा. दुरुस्त्यांचे तासही धरा. जे काम तुमच्या आकड्याच्या बरंच खाली निघेल, तेच बहुधा तुमच्या रात्री खात असतं.

नेहमीची चूक: शनिवार-रविवार क्षमतेत धरणं. ते आधीच विकले तर काम लांबलं की सरकायला जागा राहत नाही.

टप्पा २: घरच्यांशी बोलणी

हा टप्पा लोक गाळतात किंवा एका वाक्यात उरकतात: ‘मला डिस्टर्ब करू नका.’ असं सांगून घरात कुणी ऐकत नाही, आणि त्यांचंही चुकत नाही. त्यांच्या दृष्टीने घरात बसलेला माणूस मोकळा माणूस.

पूर्ण दिवस मागू नका. दोन पट्टे मागा: सकाळी साडेनऊ ते साडेबारा आणि दुपारी तीन ते साडेपाच. या वेळात हाक नाही. बदल्यात मधले अडीच तास घराचे. गॅस सिलिंडर, बँक, शाळेतून मुलांना आणणं, लाइट बिलाची तक्रार, जे तुमच्या वाट्याचं असेल ते तेव्हा न कुरकुरता करायचं. देणं-घेणं स्पष्ट असलं की पट्टे पाळले जातात. नुसतं मागणं असलं की आठवडाभरही टिकत नाहीत.

तरीही सकाळी अकराला दारातून आवाज येणारच: ‘कुठं हापिसला जायचंय तुला? जरा मार्केट यार्डात जाऊन हळदीचा भाव काय निघालाय बघून ये की.’ इथे ‘मला काम आहे’ म्हटलं की वाद सुरू. ‘आप्पा, साडेबाराला उठतो, लगेच जातो’ म्हटलं की बहुतेक वेळा मिटतं. नकार द्यायचा नाही, वेळ सांगायची. आणि साडेबाराला खरोखर उठायचं. दोनदा शब्द पाळला की तिसऱ्यांदा आप्पाच घड्याळ बघून बोलावतात.

शेजारपाजारचं वेगळं. अपार्टमेंटमध्ये कुणी दिवसा घरी असतं हे कळलं की सगळ्या मजल्यांचं कुरिअर तुमच्या दारात येऊ लागतं. पहिल्यांदा घेतलंत की कायमचं तुमचं झालं. ‘कामाच्या वेळेत बेल ऐकू येत नाही’ हे सुरुवातीलाच हसत हसत सांगून टाका.

काम करणारी घरातली सून असेल तर गोष्ट आणखी कठीण असते, हे मान्य करायला हवं. तिला कुणी मार्केट यार्डात पाठवत नाही, पण गॅसवरचं दूध, आलेल्या पाहुण्यांचा चहा, कामवाल्या मावशींशी बोलणं हे सगळं आपोआप तिच्याकडे येतं. अशा वेळी तिने स्वतः पट्टे मागून फारसं जमत नाही. नवऱ्याने किंवा सासऱ्यांनी, ज्यांच्या शब्दाला घरात वजन असेल त्यांनी, ‘या वेळात चहा मी करीन’ असं म्हणून करून दाखवलं तरच फरक पडतो.

शेवटी भिंतीवरच्या कॅलेंडरवर घरचे दिवस खुणावा: मे महिन्यातले पाहुणे, लग्नाच्या तिथी, गौरी-गणपती, दिवाळी, गावची जत्रा. त्या दिवशी क्षमता शून्य धरा. गौरीजेवणाच्या दिवशी डेडलाइन घेणं हा शुद्ध वेडेपणा आहे, आणि दरवर्षी कुणी ना कुणी तो करतंच.

टप्पा ३: जागा, वीज, नेट

जागेवर फार वेळ घालवू नका. दार लावता येणारी खोली असेल तर उत्तम. नसेल तर भिंतीकडे तोंड करून बसायचा एक कोपरा, ज्यावरून घरातल्यांची ये-जा होत नाही. पलंगावर बसून काम नको. खुर्ची मात्र बऱ्यापैकी घ्या, टेबल जुनं चालेल.

खरा घोळ वीज आणि नेटचा. महावितरणकडे ग्राहक क्रमांकाला आपला मोबाईल नंबर जोडून घ्या, म्हणजे नियोजित वीजबंदीचा एसएमएस येतो. अनेक घरांत तो नंबर अजून आजोबांच्या जुन्या फोनचा किंवा घरमालकाचाच असतो. तक्रारीसाठी १९१२ सेव्ह करून ठेवा.

इन्व्हर्टरचा अंदाज असा: १५० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते, प्रत्यक्षात हजार-बाराशे धरा. लॅपटॉप, एक पंखा, एक एलईडी मिळून १५० वॅट. म्हणजे सहा-सात तास निभावतं, तेही बॅटरी चांगली असेल आणि त्याच लाइनवर टीव्ही चालू नसेल तर. इन्व्हर्टर घ्यायचा नसेल तर निदान राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस घ्या. घेण्याआधी राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते वाचा. फायबरचा वेगळा डबा असेल तर तोही त्याच यूपीएसवर चालेल का, ते दुकानात विचारा.

सावध: तुमचा राउटर चालू असला म्हणजे नेट चालू राहील असं नाही. पुष्कळ इमारतींत केबलवाल्याचा स्विच जिन्यात, पत्र्याच्या पेटीत असतो आणि त्याला बॅकअप नसतो. लाइट गेली की पेटी बंद, आणि वर तुम्ही राउटरचे हिरवे दिवे बघत बसता. घरचा मेन स्विच पाडून केलेल्या चाचणीत हे कळत नाही, कारण तेव्हा जिन्यातली लाइट चालूच असते.

तपासा: पुढच्या वेळी परिसराचीच वीज गेली की लगेच एखादी वेबसाइट उघडून बघा. नेट गेलं असेल तर केबलवाल्याशी बोला, बॅकअप बसवतोय का विचारा. नाहीतर दुसऱ्या कंपनीचं सिम हॉटस्पॉटसाठी ठेवा. ब्रॉडबँड आणि सिम एकाच कंपनीचं ठेवू नका, दोन्ही एकदमच बसायची भीती असते.

टप्पा ४: होकार देण्याआधी

पूर्ण लेखातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा हा. फोनवर काम आलं की फोनवरच ‘हो’ म्हणायचं नाही. ‘तपशील पाठवा, बघून संध्याकाळपर्यंत मेल करतो’, इतकंच. मग टप्पा १ मधली वही उघडा. या आठवड्यात २० पैकी किती तास गेलेत? कामाला जितके तास लागतील असं वाटतं, त्याच्या दीडपट धरा. बसत असेल तर मेल लिहा, नसेल तर पुढची खरी तारीख सांगा.

मेलमध्ये काय असावं? हा नमुना एका माहितीपत्रकाच्या डिझाइनचा आहे:

‘फोनवर ठरल्याप्रमाणे: १२ पानांचं माहितीपत्रक, मराठी. मजकूर आणि फोटो तुमच्याकडून अंतिम स्वरूपात मिळतील, असं धरलं आहे. सर्व सामग्री आणि आगाऊ रक्कम मिळाल्यापासून ६ कामाच्या दिवसांत पहिला मसुदा. दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या दरात धरल्या आहेत. प्रत्येक फेरीतल्या सूचना एकत्र, एकाच व्यक्तीकडून याव्यात. त्यापुढील फेरीस वेगळा आकार. एकूण १८,००० रुपये, पैकी ७,००० आगाऊ. उरलेली रक्कम बिलापासून १५ दिवसांत. मान्य असल्यास याच मेलला उत्तर द्यावे.’

यातल्या दोन गोष्टींकडे नीट बघा. मुदत तारखेत दिलेली नाही, सामग्री मिळाल्यापासूनच्या दिवसांत दिली आहे. ‘२० तारखेला देतो’ म्हणालात आणि त्यांचे फोटो १८ ला आले, तरी उशीर तुमचाच ठरतो. दुसरं म्हणजे ‘एकाच व्यक्तीकडून’. हे नसेल तर मॅनेजर निळा रंग मागतो, मालक हिरवा मागतो आणि मालकांचे चिरंजीव परदेशातून तिसरंच काही कळवतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलं असलं तरी सगळं एका मेलमध्ये उतरवून घ्या. चाळीस मेसेज आणि तीन व्हॉइस नोट्समधून ‘ठरलेलं’ शोधून काढणं पुढे कुणालाच जमत नाही.

ओळखीतलं काम हे वेगळं दुखणं आहे. ‘आपलाच माणूस आहे, पैशाचं काय, बघू की.’ लग्नपत्रिका, दुकानाचा बोर्ड, भावकीतल्या कुणाचा प्रोजेक्ट रिपोर्ट. सवलत द्यायची तर जरूर द्या, पण बिल पूर्ण रकमेचं करा आणि त्याखाली ‘सवलत’ अशी ओळ दाखवा. फुकट दिलं तरी शून्य रकमेचं बिल द्या. पुढच्या वेळी तोच माणूस विचारताना दर विचारतो.

नेहमीची चूक: जुना ग्राहक म्हणून मेल न पाठवणं. भांडणं बहुतेक जुन्याच ग्राहकांशी होतात.

टप्पा ५: आठवड्याची मांडणी

आता वेळापत्रक करा, आणि अगदी साधं. सकाळच्या पट्ट्यात डोकं लागणारं काम, दुपारच्या पट्ट्यात दुरुस्त्या आणि फोन. मेल दिवसातून तीनदा. शुक्रवारी दुपारी फक्त बिलं, वसुलीचे फोन, बॅकअप आणि पुढच्या आठवड्याची बेरीज. ग्राहकांचे फोन संध्याकाळी सहानंतर घ्यायचे नसतील तर ते मेलच्या सहीखालीच लिहा. परदेशी ग्राहक असेल तर त्याच्यासाठी आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवून द्या, रोजची नको.

टप्पा ६: काम सोपवणं, बिल, वसुली

अडकलेले पैसे हे थकवा येण्याचं मोठं कारण आहे, कारण मग ते भरून काढायला आणखी काम घेतलं जातं. इथे कायदा बऱ्यापैकी तुमच्या बाजूने आहे, पण क्रम पाळला तरच.

१. उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंदणी, करा. सरकारी पोर्टलवर ती मोफत आहे, आधार आणि पॅन लागतं. फी मागणारी वेबसाइट असेल तर ती सरकारी नव्हे. नोंदणी काम घेण्याआधी हवी. मागाहून केलेल्या नोंदणीवर जुन्या बिलांसाठी भांडताना अडचण येते.

२. काम मेलनेच सोपवा आणि ‘मिळाल्याचं कळवावं’ अशी ओळ टाका. २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार भारतातल्या ग्राहकाने लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे असतात, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. करार नसेल तर १५ दिवस. मोजणी काम स्वीकारल्यापासून होते. सोपवल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर सोपवलं तोच दिवस स्वीकारल्याचा धरतात. म्हणून सोपवल्याच्या तारखेचा पुरावा लागतो, आणि पेन ड्राइव्ह हातात देऊन आलेल्याकडे तो नसतो.

३. बिल त्याच दिवशी. त्यावर बिल क्रमांक, तारीख, पॅन, उद्यम क्रमांक, कामाचं वर्णन, रक्कम, खातं, आयएफएससी आणि देय तारीख. ‘देय तारीख’ ही ओळ सगळ्यात जास्त विसरली जाते.

४. देय तारखेच्या दोन दिवस आधी आठवणीचा मेल. देय तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी परत. आठवड्याने फोन, आणि तो तुम्हाला काम देणाऱ्या माणसाला नव्हे तर अकाउंट्स विभागाला. काम देणारा नुसता ‘सांगतो हं त्यांना’ म्हणतो.

५. तरीही नाही, तर पुढचं काम थांबवा. हे पाऊल लोक शेवटी टाकतात, तोवर आणखी दोन कामं उधारीत गेलेली असतात.

६. मग व्याजाचा उल्लेख करून पत्र: उशिरासाठी रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज कायद्यातच आहे. शिवाय सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला मुदतीत न दिलेली रक्कम ग्राहक कंपनीला त्या वर्षी खर्च म्हणून वजा करता येत नाही, ज्या वर्षी देईल त्या वर्षीच मिळते. मार्चच्या सुरुवातीला हे त्यांच्या अकाउंट्स विभागाला शांतपणे कळवलं की फाइल हलते. त्यानेही नाही झालं तर एमएसएमई मंत्रालयाच्या थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार.

तपासा: दर शुक्रवारी येणं असलेली एकूण रक्कम लिहा. एकाच ग्राहकाकडे निम्म्याहून जास्त अडकली असेल तर त्याचं नवीन काम आगाऊ रकमेशिवाय घेऊ नका.

टप्पा ७: खातं आणि कर

कामासाठी वेगळं बचत खातं उघडा. सगळी बिलं तिथे. तिथून महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला घरच्या खात्यात ठरलेली रक्कम, पगारासारखी. चांगल्या महिन्यात जास्त उचलायचं नाही. तीन महिन्यांचा घरखर्च साठेपर्यंत नवीन मॉनिटर वगैरे थांबू द्या.

व्यावसायिक फीवर कंपन्या सहसा १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कर, कापतात. एप्रिल २०२५ पासून एका ग्राहकाकडून वर्षभरात ५०,००० च्या वर रक्कम गेली की कापणी लागू होते. कापला म्हणजे भरला असं समजू नका. तिमाहीनंतर आयकर पोर्टलवर कापलेल्या कराचं पत्रक (फॉर्म २६एएस) उघडून तुमच्या पॅनवर दिसतोय का ते बघा. २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कर शून्य होतो, म्हणून काही जण रिटर्नच भरत नाहीत. मग कापलेला टीडीएस परत मिळत नाही.

इंजिनिअर, आर्किटेक्ट, अकाउंटंट, इंटिरिअर डिझाइनर, आयटीवाले अशा ठरावीक व्यावसायिकांना एकूण जमेच्या ५० टक्के उत्पन्न दाखवून मोकळं होण्याची सोय आहे. त्यांनी आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकदम भरला तरी चालतो. भाषांतरकार, लेखक, डिझाइनर यांनी आपण त्यात बसतो असं गृहीत धरू नये, सीएला विचारावं. जीएसटीची नोंदणी सेवांसाठी वर्षाला २० लाख उलाढालीपर्यंत लागत नाही, त्यामुळे कुणी ‘जीएसटी नंबर नसेल तर काम नाही’ म्हटलं तर घाईने नंबर काढण्याआधी दरमहाच्या कटकटीचा हिशोब करा.

टप्पा ८: पावसाळ्याआधी

पुण्या-मुंबईच्या फ्रीलान्सरला हा टप्पा लागत नसेल, सांगलीत लागतो. २००५, २०१९, २०२१ ला कृष्णा शहरात आली. २०१९ ला नगरवाचनालयातले ग्रंथसुद्धा पाण्यात गेले. गावभागात किंवा नदीच्या बाजूच्या सखल वस्तीत राहत असाल तर जूनच्या पहिल्या आठवड्यात हे करा:

१. कामाच्या सगळ्या फाइल्स क्लाउडवर आणि एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर. डिस्क घरात ठेवायची नाही, कुपवाडकडच्या एखाद्या नातेवाइकाकडे ठेवायची.

२. इन्व्हर्टरची बॅटरी आणि एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवरून उचलून उंचावर.

३. जुलै-ऑगस्टमध्ये क्षमता २० ऐवजी १५ तास धरा आणि मुदतीत तीन दिवस जास्त मागा. ग्राहकाला कारण आधीच सांगा. पाणी आल्यावर सांगितलेलं कारण सबबीसारखं वाटतं.

४. आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पातळीवर लक्ष ठेवा. ४० फूट इशारा पातळी, ४५ धोका पातळी. कोयना धरणातून विसर्ग वाढला आणि पाणी ४० कडे सरकू लागलं की त्याच दिवशी चालू कामं आहेत त्या अवस्थेत ग्राहकांना पाठवून द्या आणि लॅपटॉपसह निघायची तयारी ठेवा. पाणी घरात यायच्या आधी वीज तोडली जाते, त्यामुळे ‘रात्रीत संपवून टाकू’ हा बेत धरू नका.

५. परतल्यावर वायरिंग इलेक्ट्रिशियनने बघितल्याशिवाय मेन स्विच चालू करू नका. भिजलेला लॅपटॉप चालतोय का ते बघायला चार्जर लावू नका. जी डिस्क किंवा कॉम्प्युटर पाण्यात होता तो तसाच, बंद अवस्थेत, दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या आणि ‘आधी डेटा, मग मशीन’ हे त्याला स्पष्ट सांगा.